नाक मुरडणारे कान

माझ्या मामाला गाणं आवडत नाही. ख्याल नको पण भावगीत चालेल, असला प्रकार नव्हे. गाणं नावाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गाडीत रेडिओवर गाणं लागलं की तो बातम्या शोधतो आणि बातम्या सापडल्या नाहीत तर रेडिओ बंद करतो. बाकी माणूस हौशी. वासावरून आंबा पायरी की हापूस ते सांगेल, क्रिकेटवर तासभर बोलेल. पण आमचं आजोळ गाण्याने झपाटलेलं, त्यामुळे घरात त्याच्याविषयी एखाद्या व्यंगाविषयी बोलावं तसं हलक्या आवाजात बोललं जायचं. ‘देवाने कानात बोळे घालून पाठवलाय,’ असं आजी म्हणायची.

मावशी याच्या बरोब्बर उलट. समोरचा माणूस काय गुणगुणतो त्यावरून ती त्याची इयत्ता ठरवायची. मामाला काहीच आवडत नाही हे तिने सोसलं. मामीला कॅसेटवरची ‘तसली’ गाणी आवडतात, हे मात्र तिच्या कधी पचनी पडलं नाही.

मला बरेच दिवस वाटायचं, ही एकाच मोजपट्टीची दोन टोकं. मामाची आवड शून्य, मावशीची शंभर. पुढे या विषयावर वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की पट्टी एक नाहीच. गाणं ऐकून अंगावर काटा येणं वेगळं, गाण्यातलं कळणं वेगळं, आणि आपल्याला कळतं हे चारचौघांना दाखवणं तर आणखीच वेगळं. तिन्हीला आपण ‘गाण्याची आवड’ म्हणतो आणि मग घोळ होतो.

काटा येणं आणि कळणं यांची फारकत किती असू शकते, याचा नामी साक्षीदार म्हणजे चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीवालाच. केंब्रिजला शिकत असताना तो संगीतवेड्या मित्रांच्या घोळक्यात असायचा. किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधलं समूहगान कानावर पडावं म्हणून फिरायला जायची वेळ त्या हिशेबाने साधायचा. ऐकताना कधी कधी कण्यातून शिरशिरी जायची, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. काही वेळा तर त्याने तिथल्या गाणाऱ्या मुलांना पैसे देऊन आपल्या खोलीवर गायला बोलावलं. आणि हाच माणूस लगेच पुढे कबूल करतो की बेसूर काय ते आपल्याला कळत नाही, ताल धरता येत नाही, एखादी चाल धड गुणगुणता येत नाही. मित्र त्याची परीक्षाच घ्यायचे. ओळखीच्या चाली जरा जलद किंवा जरा संथ वाजवायच्या आणि त्याला ओळखायला लावायच्या. तशा वाजवलेल्या इंग्लंडच्या राष्ट्रगीतापाशी डार्विनची दांडी गुल व्हायची. त्या घोळक्यात त्याच्याइतकाच कच्च्या कानाचा आणखी एक जण होता. एका परीक्षेत आपण त्याला हरवलं, याचा डार्विनला केवढा आनंद. गंमत म्हणजे तो दुसरा गडी थोडीफार बासरी वाजवायचा!

आपल्याकडे तानसेन आणि कानसेन अशी जोडी सांगतात. डार्विन दोन्हीत बसत नाही. गळा नाही, कानही नाही, तरी काटा येतोय. सिग्मंड फ्रॉइडची तऱ्हा निराळी. मायकेलअँजेलोच्या मोझेसच्या पुतळ्यावर १९१४ साली लिहिलेल्या लेखात तो सांगतो की कलाकृती आपल्याला का भिडते हे उलगडल्याशिवाय आपल्याला तिचा आनंद घेता येत नाही, आणि संगीताच्या बाबतीत ते उलगडत नसल्याने संगीतातून जवळजवळ काहीच सुख मिळत नाही. राहायला कुठे, तर संगीतनगरी म्हणवणाऱ्या व्हिएन्नात. म्हणजे वारकऱ्याच्या घरात राहून अभंगाचा कंटाळा.

मामाकडे परत येऊ. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीतातून मिळणारा आनंद मोजणारी एक प्रश्नावली त्यांनी आधीच तयार केली होती. तिच्या आधारे त्यांनी तीस जण निवडले: दहा गाण्याचे वेडे, दहा मध्यम, आणि दहा असे की ज्यांना गाण्याचं सोयरसुतक नाही. त्यांना गाणी ऐकवली आणि हृदयाचे ठोके नि त्वचेवरचा घाम मोजला. शिवाय पैसे जिंकायचा एक खेळही खेळायला दिला. तिसऱ्या गटातले लोक बहिरे नव्हते. गाणं आनंदाचं की दुःखाचं, हे ते बरोबर सांगत होते. पैसे जिंकायची वेळ आली की त्यांचीही छाती इतरांसारखीच धडधडत होती. फक्त गाण्याला त्यांचं शरीर हूं की चूं करत नव्हतं. दोन वर्षांनी अशाच लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. ऐकण्याचा भाग ठाकठीक, बक्षिसाचा आनंद देणारा भागही ठाकठीक. गाणं चालू असताना या दोन भागांतली ये-जा मात्र इतरांपेक्षा कमी. दोन्ही गावं वसलेली आहेत, मधला रस्ता कच्चा आहे, म्हणा ना.

स्वीडनमधल्या नऊ हजारांहून अधिक जुळ्यांचा एक अभ्यास २०२५ साली आला. संगीतातून मिळणाऱ्या आनंदात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा आनुवंशिक असावा, असं त्यात दिसलं. हे वाचताना एक जपायचं. याचा अर्थ कुणा एकाची अर्धी आवड आजोबांकडून आली आणि अर्धी रेडिओवरून, असा होत नाही. हा हिशेब एका माणसाचा नाही, समूहातल्या फरकांचा आहे. पण एवढं नक्की, की मामाने आयुष्यभर ऐकलेलं ‘जरा मन लावून ऐक की रे’ हे वाक्य, रंग न दिसणाऱ्याला ‘नीट डोळे उघडून बघ’ म्हणण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मी त्याला हे सगळं सांगितलं. ‘एवढ्यासाठी संशोधन?’ म्हणाला आणि पेपर उघडला.

आता कळण्याविषयी. ही बहुतांशी कमाईची गोष्ट आहे, आणि इथे मी मावशीच्या बाजूने आहे. मारवा, पुरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिन्हींचे सूर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. मग राग तीन कसे? मारवा रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, षड्जाला टाळत राहतो, म्हणून ऐकणारा अस्वस्थ होतो. पुरिया गंधार-निषादाच्या आधाराने खालच्या सप्तकात मुरतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती घिरट्या घालते, चटपटीत असते. पोहे तेच, कोणी कांदेपोहे करतं, कोणी दडपे, कोणी दहीपोहे. ज्याने तिन्ही खाल्लेत त्यालाच फरक सांगता येणार, आणि सांगता आला म्हणून तो शिष्ट ठरत नाही.

किंवा विलंबित एकताल घ्या. मात्रा बारा, पण अतिविलंबित लयीत एक आवर्तन संपायला पाऊण-एक मिनिटही लागतं. कान तयार नसेल तर एक माणूस बराच वेळ आऽऽ करतोय एवढंच ऐकू येतं. तयार कानाला आत घड्याळ चालू असल्यासारखं होतं: गायक किती लांब गेलाय, मुखडा कुठून पकडेल, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येईल. सम येते आणि अख्ख्या मंडपाच्या माना एकदम हलतात. ही आधी वाट बघण्याची आणि मग मिळण्याची मजा आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली हेच मेंदूत पाहिलं गेलं. अंगावर शहारा येण्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि त्या क्षणाची चाहूल लागलेली असते तेव्हा दुसऱ्याच भागात. त्या प्रयोगात सहभागी लोकांनी आपापलं आवडतं संगीत आणलं होतं. तुलनेसाठी ज्याने काही होत नाही असं संगीत हवं होतं, तर ते सहभागी लोकांच्याच याद्यांतून घेतलं. एकाचा शहारा तो दुसऱ्याचा सपाट तुकडा.

चाहूल लागायला मात्र ओळख हवी, आणि ओळख होते ती पुन्हा पुन्हा कानावर पडून. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं की निरर्थक शब्द नि अक्षरचिन्हंसुद्धा वारंवार समोर आली की माणसाला बरी वाटू लागतात. ज्याच्या घरी सकाळी रेडिओवर अभंग, त्याला अभंग; ज्याच्या चाळीत रात्री कव्वाली किंवा भीमगीतं, त्याला ती. वयाच्या पंधरा-वीसच्या आसपास ऐकलेलं तर जन्मभर चिकटतं. म्हणूनच ‘हल्लीच्या गाण्यांत काय राम राहिलाय?’ हे वाक्य प्रत्येक पिढी तितक्याच खात्रीने म्हणते.

इथवर कुणाचंच काही चुकलेलं नाही. नाक मुरडणं सुरू होतं ते तिसऱ्या गोष्टीपाशी, चारचौघांना दाखवण्यापाशी. कमावलेला कान हा ऐकायच्या कामी येण्याऐवजी माणसं निवडायच्या कामी येऊ लागतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे आकड्यांनी मांडलं. साठच्या दशकात फ्रान्समधल्या बाराशेंवर लोकांना विचारलेल्या प्रश्नांत संगीतरचनांची एक यादी होती. उच्चशिक्षित प्राध्यापक आणि कलाक्षेत्रातले लोक बाखच्या पियानोच्या रचनांकडे झुकत होते, तर कामगार आणि छोटे दुकानदार योहान श्ट्राउसच्या ‘ब्लू डॅन्यूब’कडे. आता ‘ब्लू डॅन्यूब’ हेही अभिजात संगीतच. पण ते सर्वांच्या तोंडी झालं आणि वरच्या मंडळींना नकोसं झालं. बूर्द्यूचं म्हणणं असं, की आवड ही बऱ्याचदा नावडीतून घडते. ‘ते’ जे ऐकतात ते आपण ऐकत नाही, हे आधी ठरतं.

आपल्याकडे हे बघायला फ्रान्सला जायची गरज नाही. ‘शास्त्रीय’, ‘उपशास्त्रीय’, ‘सुगम’ ही नावंच पाहा. एखाद्या इमारतीचे मजले असावेत तशी. सुगम म्हणजे सोपं. हृदयनाथ मंगेशकरांची एखादी चाल गळ्यावर घेऊन बघा म्हणजे सोपं किती ते कळेल. मजलेही कायमचे नसतात. आज नाट्यसंगीत म्हटलं की रेशमी जाकीट, अत्तर, खानदानी रसिक असं चित्र उभं राहतं. पण १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून ही गर्दीची करमणूक होती. चाली कीर्तनातून, लावणीतून, कानडी पदांतून, मिळतील तिथून उचललेल्या. पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, रागदारी थेट पिटातल्या प्रेक्षकाच्या तोंडी गेली, आणि वन्समोअर मागणाऱ्यांत रागाचं नाव ठाऊक असणारे थोडेच असतील. कालची गर्दीची चीज आज दर्दींची झाली. मधल्या काळात सूर बदलले नाहीत, ऐकणारे बदलले.

टेंबे पेटीचे मोठे वादक. त्या पेटीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण अगदीच पोकळ नव्हतं: पेटीचे सूर ठोकून बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत, म्हणजे न तुटता घसरत, जाता येत नाही, आणि आपल्या रागांतल्या बारीक श्रुती तिच्यात बसत नाहीत. शिवाय ती मुळात युरोपातून आलेली. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. पण बाहेर मैफिलींत, नाटकांत, कीर्तनात, भजनी मंडळांत पेटी वाजतच होती. ज्या गवयांना रेडिओवर पेटी नसायची तेच बाहेर तिच्या साथीने रंगून गायचे. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. युक्तिवाद खरा असला तरी त्याने नाक मुरडायचं काम करता येतं, याचं हे माझ्या लेखी सगळ्यात चांगलं उदाहरण.

आणि नाक मुरडण्याचं सरकारी धोरण झालं तर काय होतं? पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची ठाम समजूत. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं? सुई सरकवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ देशभर सिलोनची झाली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली.

केसकरांना हसणं सोपं आहे. पण रेडिओवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि ज्यांना मैफिलीचं तिकीट परवडत नव्हतं त्यांच्या घरात मोठमोठे गवई पोहोचले. आकाशवाणीने स्वतः गाणी करून घ्यायची, या त्या दिवसांतल्या वाऱ्यातच १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालं: वर्षभर, छप्पन्न गीतं, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. गाणं लागलं की लोक रेडिओला हार घालायचे, असं सांगतात. म्हणजे अहंकारातूनही कधी कधी चांगलं काम उभं राहतं. त्यांची चूक दुसरीकडे होती. तयार कान हा उपदेशाने होतो असं त्यांना वाटलं, आणि न आवडणाऱ्याला दार बंद केलं की तो मुकाट दुसऱ्या दारात येईल असंही वाटलं.

याच चित्रपटसंगीतावर कुमार गंधर्वांनी काय म्हटलंय ते आवर्जून वाचावं. ख्यालाची चौकट हलवणारा हा गवई लता मंगेशकरांवरच्या लेखात सांगतो की चित्रपटसंगीताने लोकांचे कान बिघडवले ही ओरड चुकीची. उलट कान सुधारले, सामान्य माणसाला सुराची समज आली. शास्त्रीय गायकांच्या आत्मसंतुष्टपणावरही तो ठेवून देतो. ज्यांच्या कानाबद्दल शंका घ्यायची सोय नाही, त्यांना नाक मुरडायची गरज बहुधा कमी पडते. गरज पडते ती नुकतीच पायरी चढलेल्यांना. महोत्सवाच्या मंडपात पहिल्या आलापालाच शेजाऱ्याच्या कानात रागाचं नाव कुजबुजणारा, आणि ते चुकलं तर पुढचा अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत डोकं घालून बसणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. (मी पाहिलाय. आरशात.)

पण सगळ्यात बोचरा प्रकार सुराशी संबंधितच नसतो. पिलू किंवा भैरवी ठुमरीत आली की उपशास्त्रीय, बैठकीच्या लावणीत आली की ‘तमाशातलं’. अदा तीच, शब्दाशब्दाला अर्थाचे पदर उलगडणं तेच. बदलते ती गाणारीची जात, तिचं गाव, समोर बसलेल्यांचे कपडे. मामीच्या कॅसेटमध्ये प्रल्हाद शिंदे होते. त्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आषाढीला मावशीलाही चालायची. त्याच गळ्यातली बाकीची गाणी ‘तसली’. गळा एकच होता, हे मावशीच्या कधी लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक.

आता तर असा शिष्टपणा उरला नाही, असं म्हणतात. अमेरिकेत रिचर्ड पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली दाखवलं की वरच्या थरातले लोक आता एकाच उच्च प्रकाराला चिकटून नसतात, ते ‘सर्वभक्षी’ झालेत. आपल्याकडेही एकाच फोनमध्ये किशोरीताई, ‘झिंगाट’ आणि कोरियन पॉप सुखाने नांदतात. ‘मी सगळं ऐकतो’ ही नवी प्रतिष्ठा. पण त्याच वर्षी बेथनी ब्रायसन या संशोधिकेने या ‘सगळं’ची झडती घेतली. सगळं ऐकणारे जे थोडे प्रकार वगळत होते, ते नेमके सर्वांत कमी शिकलेल्या लोकांच्या आवडीचे निघाले. मिरवणुकीतल्या गाण्यांविषयी आपण काय बोलतो ते आठवून बघा. भिंती हादरवणाऱ्या आवाजाची तक्रार रास्तच आहे, पण ती डेसिबलची तक्रार. बऱ्याचदा तिच्या आडून आपण गाण्यालाही चार शब्द सुनावून घेतो. आणि उलटा शिष्टपणाही असतोच: ‘आम्हाला बुवा ते आऽऽऊऽऽ कळत नाही’ हे वाक्य काही जण पदक लावल्यासारखं छातीवर मिरवतात.

मामाने ते कधी मिरवलं नाही. माझ्या लहानपणी आजी आणि मावशीला मैफिलीला न्यायचं काम त्याच्याकडे होतं. त्यांना दाराशी सोडून तो बाहेर गाडीत टेकून पेपर वाचायचा, चहा प्यायचा, डुलकी काढायचा. मैफिल कधी दोन तासांत संपे, कधी चार. तरी आम्ही बाहेर येईपर्यंत गाडी वळवून, दार उघडून तो तयार असायचा. एकदा मी विचारलं, ‘तुला कसं कळतं रे, संपत आलं ते?’

‘भोंग्यातून ऐकू येतं की,’ तो म्हणाला. ‘ते शेवटचं लागतं ना, भैरवी. ती लागली की मी किल्ली फिरवतो.’